रुस्टिकातिओ म्हणजे गावी राहणं

वेदिका नागपूरच्या प्रतापनगरातल्या फ्लॅटमध्ये बसून परदेशातल्या मुलांना ऑनलाइन लॅटिन शिकवते. वनस्पतिशास्त्र शिकताना झाडांच्या नावांमुळे तिला या भाषेचा नाद लागला आणि पुढे तेच काम झालं. तिचे वडील विश्वनाथ उमरेडजवळच्या खेड्यात एकटे राहायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती त्यांना नागपूरला घेऊन आली.

तपासणीनंतर डॉक्टर तिला म्हणाले, "आता खुशाल गावी जाऊ द्या."

बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांना मात्र तिनं सांगितलं, "धूळ चालणार नाही म्हणतात. इथंच राहायचं आता."

तिला त्यांची काळजी होती, हे खरं. दर शनिवारी एसटीचे धक्के खाऊन ती कंटाळली होती, हेही खरं. विश्वनाथांनी मान डोलावली. मागे त्यांची गाय सांभाळणाऱ्या शेजारच्या धोंडबाला त्यांनी फोन केला, "तूच ठेव गा आता गाय."

एका संध्याकाळी वेदिका मुलांकडून एका नामाची रूपं म्हणून घेत होती. रुस्टिकातिओ, रुस्टिकातिओनिस, रुस्टिकातिओनेम... वर्ग संपला तसे विश्वनाथ दारातून म्हणाले, "काय शिकवून राहिली वं? कशाचं नाव हाय ते?"

"गावी राहणं."

"अन् मंग काहून बदलवून राहिली त्याले?"

"आपणही बदलतो की, बाबा. गावी राहण्याचं, गावी राहण्यानं, गावी राहण्यात..."

"चांगला शब्द हाय," ते म्हणाले आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. तक्रारीचा एक शब्द नाही. तेच तिला टोचत राहिलं.

सकाळी त्यांच्या डोळ्यांत औषध घालताना तिनं सांगून टाकलं, "डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. मी खोटं बोलले."

"काहून?"

"मला सारखं गावी यायचा कंटाळा आला होता."

औषधाचा थेंब गालावर ओघळला. त्यांनी तो पुसला नाही. "गाय देऊन टाकली ना वं मी," एवढंच म्हणाले, आणि गावी जायला पिशवी भरू लागले.

धोंडबा गाय परत द्यायला तयार होता. विश्वनाथांनीच नको म्हटलं. दिलेलं मागायचं नाही. ते रोज त्याच्या गोठ्यात जाऊन तिच्या अंगावरून हात फिरवून येतात.

वेदिका पुन्हा दर शनिवारी जाते. ते चहा मांडतात, तिच्या लॅटिनच्या वर्गाची चौकशी करतात. फक्त पूर्वीसारखं "आज राह्य ना वं" म्हणत नाहीत. राहू का, असं विचारायचं तिच्या ओठांवर येतं, पण विचारवत नाही. ती संध्याकाळच्या एसटीनं परतते.