काचीगुड्याच्या फलाटावर मी ब्रेक मारला

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अमावस्येला दाढी करणारा आणि शनिवारी मुद्दाम नवी चप्पल घेणारा माणूस मी. त्या चपलेकडे लक्ष ठेवा, मंडळी... पुढे लागणार आहे.

माझी मोठी बहीण अक्का आठवडाभर आमच्या काचीगुड्याच्या घरी राहून नांदेडला परत निघाली होती. दम्याची जुनी पेशंट. तिची मुलगी मृण्मयी इथेच एका कंपनीत, अंतराळयानं एकमेकांना जोडण्याचे प्रोग्राम लिहिते. त्या सकाळी चहाला तिनं माझा क्लास घेतला. दोन उस्मानिया बिस्किटं म्हणजे दोन यानं, बशीची कड म्हणजे कक्षा. मागच्यानं पुढच्याला गाठायचं कसं? मी म्हटलं, सोपं आहे, ॲक्सिलरेटर दाबायचा.

"नाही मामा, ब्रेक मारायचा. वेग वाढवलास तर वरच्या, मोठ्या कक्षेत जाऊन मागे पडशील. ब्रेक मारलास की खालच्या, लहान कक्षेत उतरतोस आणि पुढे निघतोस."

मग दोघं शेजारी आले की गंमत. दोन्ही यानं भन्नाट पळत असतात, पण एकातून बघावं तर दुसरं जागचं हलत नाही. सरकते ती खालची पृथ्वी! मी पुढचं यान चहात बुडवून खाल्लं आणि चर्चा संपवली.

दुपारी निघताना बायकोनं अक्काची ओटी भरली. नारळ पर्समध्ये मावेना, म्हणून अक्कानं दम्याचा पंप बाहेर काढून हळदीकुंकवाच्या तबकात ठेवला, नारळ कोंबला... आणि पंप तबकातच राहिला.

अक्काला गाडीत बसवून मी फलाटावर उतरलो आणि बायकोचा फोन आला. पंप घेऊन मृण्मयी स्कूटीवरून निघालीच होती. इकडे पूल चढून आलेल्या अक्काला धाप लागलेली. खिडकीच्या गजांना धरून ती श्वास ओढत होती, त्याची शिट्टी मला बाहेर ऐकू येत होती. मृण्मयी पुलाच्या जिन्यापाशी दिसली. मी धावलो, पंप घेतला, वळलो — गाडी हलली होती.

पळालो. पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा माणूस जेवढा पळेल तेवढा. अक्काचा हात गजांतून बाहेर आलेला, आणि तो लांब लांब जात होता. चहाच्या गाड्यापाशी माझे पाय संपले. मागून मृण्मयी "पळ मामा" म्हणत होती, आणि माझ्या डोक्यात मात्र तिचंच सकाळचं वाक्य...

मी ब्रेक मारला. जागच्या जागी.

आवाज बंद झाले. अक्काची खिडकी लांब जायची थांबली. मग हळूहळू, हातभर-हातभर, माझ्याकडे आली आणि समोर येऊन थांबली. मी पाय हलवत नव्हतो, शपथेवर सांगतो. पण कडेला बघितलं तर बाकडी, खांब, हमाल, सगळा फलाट मागे पळत होता! अक्काची बोटं माझ्या बोटांना लागली — बर्फासारखी गार. तिनं पंप ओढला, एक झुरका घेतला, दुसरा घेतला. मग शांतपणे विचारलं,

"बंड्या, गाडी सुटली नाही का रे अजून?"

पुढच्या क्षणी आवाज आले, आणि शेवटचा डबा माझ्या समोरून निघून गेला. मी फलाटाच्या अगदी टोकाला उभा होतो, पिवळ्या पाटीखाली. अनवाणी.

चपला चहाच्या गाड्यापाशी होत्या. शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा. चहावाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अरे साब, आप तो यहींच खडे थे ना... उधर से कैसे आरे?"

मृण्मयीही तेच म्हणते. मामा चहाच्या गाड्याजवळ उभा होता, गाडी निघून गेली. अक्का म्हणते, गाडी उभी होती आणि बंड्या खिडकीशी होता. आता यातलं खरं कुणाचं? मृण्मयीनं कागदावर बाण काढले, खोडले. कक्षेचा नियम फलाटावर चालत नाही मामा, एवढंच तिनं सांगितलं. मग आईला फोन लावला आणि नुसता तिचा श्वास ऐकत बसली.

अक्का दिवाळीला पुन्हा येतेय. परतताना नारळ मी हातात धरणार आहे... आणि स्टेशनवर नाडीचे बूट घालून जाणार आहे.