तिच्या हातात काय होतं?

भांडणात कोण बरोबर आणि कोण चूक, यात गिरणीवाल्या अक्काला काडीचाही रस नव्हता. तिला भलत्याच गोष्टींची उत्सुकता असायची. सासू टाकून बोलली म्हणून डोळे पुसत कोणी सांगायला लागलं, की अक्का शांतपणे विचारायची, "तवा चुल्हावर काय व्हतं?" नवऱ्यानं ताट सरकवलं असं कोणी सांगितलं, की ती विचारायची, "ताटमा काय वाढेल व्हतं? त्यानी चाखं व्हतं का?" सांगणारी गोंधळून जायची. रडायचं बाजूला राहायचं आणि त्या वेळी चुलीवर नेमकं काय होतं ते आठवण्यात तिचा वेळ जायचा.

जळगावात पिंप्राळ्याला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर अक्काची गिरणी होती. पत्र्याचं छप्पर, आत एक धान्याचं आणि एक मिरचीचं अशी दोन यंत्रं, बाहेर कडुनिंब आणि त्याच्याखाली ओळीनं ठेवलेले डबे. मी लग्न होऊन धुळ्याहून आले ते चौऱ्याऐंशी साल असावं. पहिल्याच दिवशी मी डबा घेऊन गेले, तर अक्कानं माझं नाव, गाव, आडनाव काही विचारलं नाही. माझ्या डब्यातली दादर ज्वारी मुठीत घेऊन ती म्हणाली, "तुमना घरमा सर्वास्ना मांगून कोन जेवस?" सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, हे मी नवी नवरी काय सांगणार? मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, "आनि तुन्हा पहिले?" मला सांगता येईना. घरी गेले आणि दोन दिवस नुसतं तेच बघत बसले.

अक्काच्या अंगावर कायम पिठाचा थर असायचा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नऊवारीचा मूळ रंग कोणता हे फक्त पावसाळ्यात कळायचं. बोली पक्की धुळ्याकडची अहिराणी. आमच्या शेजारच्या रावेर-यावलकडच्या बायका तिच्या बोलण्याला हसायच्या, आणि ती त्यांच्या बोलण्याला. पण कोणाची गोष्ट दुसऱ्याला सांगताना तिला कोणी पाहिलं नाही. "मी इचारस, सांगत नही," हा तिचा नियम होता. माझा आधी विश्वास बसत नव्हता. सगळ्या कॉलनीची धुणी जिच्यासमोर धुतली जातात, तिच्या पोटात काहीच खळबळ होत नाही, हे कसं? मी मुद्दाम खोदून बघायची. "अक्का, त्या कोपऱ्यावरच्या वहिनींचं काय झालं हो?" अक्का यंत्रात धान्य ओतत म्हणायची, "तूच त्यास्ले इचार ना."

माझी मैत्रीण निर्मला. आमच्या घरांच्या मध्ये एकच भिंत होती आणि परसात कमरेएवढं कुंपण. कढीपत्ता तिचा, अळू माझं. तिची मुलगी माझ्या मांडीवर वाढली. सासरी माझं म्हणावं असं पहिलं माणूस मला मिळालं ते नवऱ्याच्याही आधी निर्मला, हे मी आजही सांगते, आमच्या ह्यांच्यासमोरसुद्धा.

एका वर्षी मला बी.एड. करायचं होतं. फॉर्म धुळ्याच्या कॉलेजात नेऊन द्यायचं काम ह्यांच्याकडे होतं आणि तारीख उलटून गेली. हे म्हणाले, विसरलो. मी म्हटलं, मुद्दाम विसरलात. एवढं एक वाक्य, आणि आमच्या घरात अबोला सुरू झाला. तो सत्तावीस दिवस चालला. भाजीत मीठ कमी पडलं तर हे उठून स्वतः घ्यायचे, पण मागायचे नाहीत. मी हे फक्त निर्मलाला सांगितलं. घरी सांगण्यासारखी जागा नव्हती, भिंती पातळ, म्हणून गिरणीत सांगितलं. आत यंत्र धडधडत होतं, ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू येत नव्हतं. यापेक्षा सुरक्षित जागा जगात नाही असं मला वाटलं होतं.

आठ दिवसांनी धुळ्याहून आई आली. हातात पिशवी, तोंड उतरलेलं. आल्या आल्या म्हणाली, "जावई बोलत नाहीत म्हणे तुझ्याशी. आपल्या गल्लीतल्या बाईनं मला विचारलं. मला मेलीला काही माहीत नाही. भर पिशवी, चल घरी." माझ्या अंगात दोन दिवस ताप होता. पण डोकं तापलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सांगितलं होतं फक्त निर्मलाला.

तेवढ्यात निर्मला फाटकातून आत येताना दिसली. मी दारात उभी राहिले आणि तिला नको नको ते बोलले. तुला घरातलं सांगितलं ते धुळ्यापर्यंत पोचवायला सांगितलं होतं का, असं विचारलं. विचारलं म्हणजे ठणकावलं.  ती तशीच मागे फिरली. संध्याकाळी पाहिलं तर पायरीवर आमचा पिठाचा डबा होता. तो मी दोन दिवसांपूर्वी गिरणीत ठेवून आले होते आणि तापामुळे आणायचा राहिला होता. ह्यांनी येताना आणला असेल, असं मी धरलं. विचारणार कशी? अबोला होता ना.

आता माझे दोन अबोले झाले, एक घरात आणि एक कुंपणापलीकडे. दुसरा जास्त जड होता. नवऱ्याशी न बोलता दिवस काढता येतो, स्वयंपाकाला ते लागत नाहीत. पण कढीपत्ता तोडायला परसात गेलं की पलीकडे निर्मला कपडे वाळत घालत असायची, आणि मी कढीपत्ता न घेताच परत यायची. आई रोज पिशवी भरायची आणि मी रोज ती रिकामी करायची. मला इथं राहायचं आहे की नाही, हेच मला कळेनासं झालं.

गिरणीत गेले तर अक्कानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, निर्मला कशी फितूर निघाली तेही. अक्का ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू बोलनी तवा तिन्हा हातमा काय व्हतं?"

"काही नव्हतं."

"नीट याद कर."

मी आठवायला लागले. निर्मलाचा चेहरा आठवला. पण चेहऱ्याखालचं काहीच आठवेना. आपण ज्या माणसाशी इतकं भांडलो त्याला आपण पाहिलंच नाही, हे लक्षात आलं आणि मला अक्काचाच राग आला. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत असेल तर सांगून टाका ना." अक्कानं माझ्या डब्यात पीठ भरलं आणि म्हणाली, "मी इचारस, सांगत नही."

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी हे डबा घेऊन गिरणीत गेले. कधी नव्हे ते. परत आले आणि संध्याकाळभर स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. आईला वाटलं, आता भांडण काढणार. भाकऱ्या झाल्या, तवा उतरवला, तेव्हा हे म्हणाले, "तू भाकरी थापताना काय गुणगुणतेस?"

सत्तावीस दिवसांनी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मी म्हटलं, "का?"

"अक्कानं विचारलं. तुझी बायको काम करताना कोणतं गाणं म्हणते. मला सांगता येईना. म्हणून बसलो ऐकत. पण तू हल्ली गुणगुणतच नाहीस."

मला रडू आलं. आई हळूच उठून परसात गेली. त्या रात्री जेवताना आम्ही किती बोललो त्याला हिशोब नाही. फॉर्मचंही बोललो. ते खरंच विसरले होते, आणि थोडं मुद्दामही, असं त्यांनी कबूल केलं. बोलता बोलता मी म्हटलं, "तरी तेव्हा डबा आणलात, हे बरं केलंत."

"कोणता डबा? मला वाटलं तूच आणलास."



दुसऱ्या दिवशी दुपारी मी गिरणीत गेले. म्हटलं, "अक्का, तिच्या हातात माझा डबा होता." अक्का म्हणाली, "एक हातमा, एक कंबरवर. मीच उचली दिन्हा." म्हणजे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण माझा हेका सुटत नव्हता. मी म्हटलं, "डबा आणला हे खरं, पण बातमी तर तिनंच फोडली ना?" अक्कानं माझा हात धरला, मला बाहेर कडुनिंबाखाली नेऊन उभं केलं, आणि म्हणाली, "आठे उभी ऱ्हाय." स्वतः आत गेली, यंत्र सुरू केलं, आणि खिडकीच्या जाळीजवळ उभी राहून आम्ही आत जशा बोलायचो तशी मोठ्यानं बोलली, "आज दादर मोठी चांगली शे."

शब्द न् शब्द ऐकू आला. आत बोलणाऱ्याला आपलाच आवाज ऐकू येत नाही म्हणून तो ओरडतो, आणि बाहेर डबे घेऊन बसलेल्यांना ते सगळं फुकटात मिळतं. ज्या दिवशी मी निर्मलाला सांगितलं, त्या दिवशी कडुनिंबाखाली सात-आठ बायका तरी होत्या. त्यातल्या कोणाचं माहेर धुळ्याला होतं, ते मी अक्काला विचारलं नाही. तिनं सांगितलंही नसतं.

मी तशीच निर्मलाकडे निघाले. अक्कानं मागून हाक मारली आणि ताज्या पिठाच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "गरम पीठले झाकन लावानं नही. घाम सुटस, पीठ बिघडस." मला वाटलं, पिठाचंच सांगतेय.

निर्मला दारात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं, माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "मंगल, तू मला विचारलं असतंस ना, तर मी सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस. नुसतं सांगितलंस." एवढं बोलून ती कपडे वाळत घालायला गेली. मला वाटत होतं, माफी मागितली की लगेच गळ्यात पडायचं असतं. तसं काही झालं नाही. मी रोज कुंपणाशी जायची, काहीतरी विचारायची, ती मोजकं उत्तर द्यायची. पिठाचं झाकण उघडं ठेवायचं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. नवव्या दिवशी तिनं कुंपणावरून कढीपत्त्याची डहाळी पुढे केली आणि विचारलं, "आई गेली का ग धुळ्याला?" मी म्हटलं, गेली, एकटीच. मग ती म्हणाली, "ये की आत."

आमची दोघींची मैत्री खरी सुरू झाली ती तेव्हापासून. त्याआधी होती ती सोबत. पुढल्या वर्षी मी बी.एड. केलं, फॉर्म ह्यांनीच नेऊन दिला, आणि वर्षभर माझ्या घरचं दळण निर्मलानं आणलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अक्कानं गिरणी विकली. गुडघे गेले होते, ऐकूही कमी येत होतं. धुळ्याचा भाचा तिला न्यायला आला. आम्ही दोघी निरोप द्यायला गेलो, पत्र पाठवायला पत्ता मागितला. भाचा म्हणाला, "लिहून घ्या, केसरबाई..." आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. बारा वर्षं रोज जिला भेटलो, तिचं नाव केसर आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. जी जगाला विचारत होती तिला आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता. मला इतकी शरम आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली.

त्या दिवाळीनंतर आम्ही एसटीनं धुळ्याला गेलो. अक्का ओसरीवर बसली होती. अंगावर पीठ नव्हतं, त्यामुळे ती ओळखू येईना. तिचे केस अजून बरेच काळे होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. भाचेसुनेनं चहा दिला. निर्मला तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "अक्का, तुमची मैत्रीण कोण होती?"

अक्कानं चहा बशीत ओतला, कप ओसरीवर ठेवला. मग म्हणाली, "माले कोनी इचारंच नही आजलोंग."

सुपडी तिचं नाव. पांझरा नदीच्या काठच्या एकाच गावच्या दोघी, एकाच मांडवात लग्नं झालेल्या. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दोघी माहेरी आल्या होत्या. कोणीतरी अक्काच्या कानात घातलं, सुपडी तुझ्या सासरचं भलतंसलतं सांगत फिरते. त्या दिवशी सुपडी दारात आली तर अक्कानं तिचं तोंड न पाहता दार लावलं. पुढच्या आखाजीला सुपडी आली नाही. बाळंतपणात गेली होती.

"तिन्हा हातमा कायतरी व्हतं," अक्का म्हणाली. "मी देखं नही."

 मग निर्मलानं विचारलं, "सुपडी दिसायला कशी होती?" आणि अक्का सांगायला लागली. उंची, केस, झोक्यावर बसून गाताना फाटणारा आवाज, सगळं. आम्ही नुसतं "मंग?" म्हणत होतो. परतीची एसटी चुकली, पुढचीही चुकली. शेवटी निघालो तेव्हा अक्का एका हातानं गुडघा धरत गल्लीच्या तोंडापर्यंत आली.

फाल्गुनात भाच्याचं पोस्टकार्ड आलं. अक्का गेल्याच्या चार ओळी होत्या. मी ते कुंपणावरून निर्मलाच्या हातात दिलं. तिनं वाचलं, पदरानं डोळे टिपले. मग तिनं विचारलं, "आपण निघालो तेव्हा अक्काच्या हातात काय होतं ग?"

"बशी," मी म्हटलं. "नुसती बशी. ठेवायची विसरली होती."

"आणि कप?"

"कप ओसरीवर राहिला होता."

निर्मलानं मान हलवली. तिनंही पाहिलं होतं.