कावळा शिवेपर्यंत बारी

आमच्या हातातल्या व्हिडिओ गेमवर '९९९९ खेळ' असं छापलेलं होतं. खरं तर त्यात एकच खेळ धड चालायचा. वरून ठोकळे पडायचे, ते रचून ओळ पुरी करायची, ओळ पुरी झाली की ती नाहीशी व्हायची. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो गंगाखेडच्या जत्रेत घेतला. तो काही लाडापायी नव्हे, आम्ही गप्प बसावं म्हणून. अण्णा गोदावरीच्या घाटावर दहाव्याचे विधी सांगत. आईची तब्येत कायम तोळामासा, त्यामुळे सुट्टीत मी आणि माझा धाकटा भाऊ, असं दोघांचं लोढणं अण्णांच्याच गळ्यात.

खेळ एक आणि पोरं दोन, म्हणजे भांडण ठरलेलं. त्यावर तोडगा भावानेच काढला. पिंड मांडले की लोक मागे सरून कावळ्याची वाट बघत. कावळा शिवला की खेळ दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तोवर ज्याची बारी त्याची. पलीकडे कुणाची तरी आई गेलेली असायची आणि आम्ही पायरीवर बसून ठोकळे रचायचो. आवाज तेवढा बंद ठेवायचा, ही अण्णांची सक्त ताकीद.

माझ्या बारीला कावळे हमखास अडून बसायचे. मग अण्णा घरच्यांना म्हणायचे, "काय राह्यलं आसंल ते बोला. मनात ठेवू नका." तसे लोक एकेक बोलू लागत. धाकटीचं लग्न करून देऊ. भावाशी बोलणं चालू करू. भल्याभल्यांची तोंडं तिथे उघडायची. शेवटी अण्णा दर्भाचा कावळा करून शिववायचे, तोवर माझे गुण कुठल्या कुठे पोचलेले असत. एकदा अशाच एका म्हाताऱ्याच्या वेळी भावाला दम निघेना. तो उठून झाडावरच्या कावळ्याला हात जोडून म्हणाला, "शिव ना रे बाबा!" अण्णांनी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. गेलेल्याची सूनसुद्धा पदराआड हसली होती.

त्याच्या बारीला मात्र पिंड ठेवायचा अवकाश, कावळा हजर. "अक्का, माझ्याच बारीला लौकर कामून येतो गं?" तो रडकुंडीला येऊन विचारायचा. "तुझं नशीब," म्हणून मी खेळ हिसकावून घ्यायची.

पुढे मी जिंतूरला नोकरीला लागले. भाऊ बारावी झाला आणि त्याच्या डोक्यात एकच वेड शिरलं. त्याला पुण्याला जाऊन गेम बनवायला शिकायचं होतं. वहीत ठोकळे काढून काढून तो मला नवे खेळ समजावून सांगायचा. त्यातलं मला ओ की ठो कळत नसे, पण त्याचा चेहरा बघायला आवडायचं. अण्णा ऐकेनात. "घाट कोन बघनार? लोक मरायचे थांबनार हाएत का?" मी रागावून बघितलं, रडून बघितलं. मला सगळे मंत्र पाठ होते, पण मी पडले मुलगी, घाट माझ्या हाती देण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी भाऊ धोतर नेसून घाटावर उभा राहिला. दोन विधींच्या मध्ये मोबाइलवर खेळत बसायचा. मी गेले की म्हणायचा, "अक्का, अजून एकदा सांगून बघतीस का अण्णाला?"

मागच्या थंडीत एका वास्तुशांतीहून मोटरसायकलवर परतताना, देवगाव फाट्याच्या अलीकडे, रस्त्यात दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर तो आदळला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

त्याचा दहावा त्याच घाटावर झाला. विधी सांगायला दुसरे गुरुजी होते आणि ओल्या पंच्यानं अण्णा यजमानाच्या जागी. माझ्या मनात एकच होतं, कावळा लवकर येऊ नये. सगळ्या जगाला बोलतं करणाऱ्या या माणसाला आज स्वतः बोलावं लागेल. 'त्याला शिकायला जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही,' एवढं एक वाक्य मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. भाऊ तर परत येणार नव्हता, निदान ते वाक्य तरी मिळावं. म्हणून मी अगदी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

पिंड मांडले. अण्णा मागे सरले, हात जोडले, बोलायला तोंड उघडलं. आणि कावळा आला.

अण्णांनी तोंड मिटलं.

"सुटला बिचारा," लोक म्हणाले. अण्णा माझ्याकडे वळले. "बघ, काईच राह्यलं नव्हतं त्याचं."

माझ्या अंगाची आग झाली. वाटलं, धोंडा घालावा त्या कावळ्याच्या टाळक्यात. "अण्णा," मी म्हणाले, "त्याच्या बारीला कावळा लवकरच यायचा. त्याला पुण्याला जायचं होतं." अण्णांनी ऐकलं. मग खाली वाकून ते ओला पंचा पिळत बसले.

तेराव्यानंतर ते पुन्हा घाटावर जाऊ लागले. जिंतूरला निघण्याआधी मी त्यांचा डबा घेऊन गेले, तेव्हा एका घरचे पिंड मांडून झाले होते आणि कावळा येत नव्हता. मी वरच्या पायरीवरच थांबले. खाली अण्णा त्या लोकांना सांगत होते, "काय राह्यलं आसंल ते बोला. मनात ठेवू नका."