काकूंचं नाक

भट्टीवाले काका म्हटलं की नवखा माणूस आधी दचकतो आणि मग हळूच विचारतो, "काय हो, कुठे मिळते?" काही मिळत नाही बाबा! काकांची भट्टी पुदिन्याच्या तेलाची. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही गाळलं नाही, आणि प्यायले तर फक्त चहा.

पुदिन्याचं कच्चं तेल हे एक तेल नसतंच. दहा-बारा तेलांची ती सरमिसळ, आणि प्रत्येकाची उकळायची वेळ वेगळी. ते बंद भांड्यात भरायचं, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे बेताच्या आचेवर उकळतं आणि करपत नाही. जे हलकं ते आधी वाफ होऊन वर जातं, गार पाण्यातल्या वेटोळ्या नळीत शिरतं आणि पुन्हा थेंब होऊन खाली उतरतं. पहिली धार उग्र, शिळ्या कोबीसारखी घाण मारणारी. ती बाजूला काढायची. मग येतो तो खरा माल. शेवटी उरतं ते जड आणि कडवट. आच वाढवून घाई केली की सगळीच तेलं एकदम वर धावतात आणि दिवसभराची मेहनत पाण्यात जाते.

बाटली नेमकी कधी बदलायची, खरी गोम तिथे होती. काका आच सांभाळायचे आणि वेळ सांगायच्या काकू. चष्मा कपाळावर चढवून त्या तोटीतून एक थेंब मनगटावर घ्यायच्या, हुंगायच्या आणि म्हणायच्या, "हं, बदला." भिंतीवर थर्मामीटर होता, पण तेवीस वर्षांत काकूंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी लेकीला जुळी झाली. लेक लांबच्या शहरात, दोन दिवसांच्या प्रवासावर. काकू तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या त्या गेल्याच. आता जुळी पाळणाघरातसुद्धा जायला लागली, तरी काकू यायचं नाव काढत नव्हत्या. का, ते विचारायची काकांची छाती होत नव्हती.

दोन कप चहा टाकायचा आणि दुसराही आपणच प्यायचा, असं चाललं होतं त्यांचं. भट्टीपुढच्या दोन स्टुलांपैकी एक त्यांनी माळ्यावर टाकलं आणि चार दिवसांत परत खाली काढलं. इतका जीव तुटत होता, पण फोनवर हा माणूस काय बोलायचा? "तेल नीट उतरत नाही. तुझ्या नाकावाचून अडलंय सगळं. गिऱ्हाइकं कुरकुरतात." आता याला काय बायकोशी बोलणं म्हणायचं? ही तर कारखान्याची नोटीस झाली!

त्यातून त्यांनी एक टूम काढली. प्रत्येक खेपेच्या तीन छोट्या बाटल्या, सुरुवातीची, मधली आणि शेवटची, चिठ्ठ्या डकवून काकूंना कुरियरने पाठवायच्या. काकू सांगायच्या, "मधली झकास. शेवटची जरा कडवट." पुढे पुढे तेवढंच, दर वेळी तेच.

गेल्या महिन्यात काकांनी कधी न केलेलं पाप केलं. आच मुद्दाम वाढवली, तेल करपवलं आणि तिन्ही बाटल्यांत तेच भरून, नेहमीच्याच चिठ्ठ्या डकवून पाठवलं. काकू वास घेणार, भडकणार आणि मिळेल त्या गाडीने इथे येऊन थडकणार, असा त्यांचा साधा हिशेब.

रविवारी दुपारी फोन आला. "मिळाल्या हो बाटल्या. मधली अगदी झकास उतरलीय."

हिने उघडलीसुद्धा नाही? म्हणजे इथे तिचं आता काहीच उरलं नाही?

"उघडलीस का गं?"

"अहो, हातातच आहे की उघडी."

"मग नीट हुंग. तिन्ही एकच आहेत. तेल करपवून पाठवलंय मी."

पलीकडे काकू रडायला लागल्या.

"वास गेलाय माझा," त्या म्हणाल्या. "जुळी वर्षाची झाली तेव्हाच निघणार होते मी. तिकीटही काढलं होतं. मग तो ताप आला आणि नाकच गेलं. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीही. चिठ्ठ्या वाचून सांगत होते मी तुम्हाला."

"मग आली का नाहीस?"

"येऊन काय करू? दर फोनला तुम्ही नाकच मागत होता."

काका म्हणाले, "नाकाला आग लाव. घर खायला उठतं मला तुझ्याशिवाय."

"हे आधी बोलायचंत ना," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं मी रोज सकाळी उठून तुमची ती मधली बाटली हुंगतेय, वास आला की निघायचं म्हणून."