सकाळी सहाचा तास

मंगळवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या फोनवर समीक्षाचा मेसेज आला, "बाई, सर आज आले नाहीत." समीक्षा आमच्या शाळेतली, नववीतली मुलगी. मेसेज ज्या ग्रुपवर आला तो मी कित्येक महिने म्यूट करून ठेवला होता, कारण तो ज्या वर्गासाठी काढला होता तो वर्गच बंद झाला होता. तसा रिपोर्ट मीच लिहिला होता. त्यामुळे मला आधी वैतागच आला. कुठले सर आणि कुठे आले नाहीत? मी "कुठे?" एवढंच टाइप केलं. तिचं उत्तर आलं, "तासाला. सहाला असतो ना." मग मात्र मी दिगूदादाला, तो वर्ग घेणाऱ्या त्या सरांना, फोन लावला. आमचं पाच महिने बोलणं नव्हतं. फोन वहिनींनी उचलला. त्यांच्यामागे बायकांचे आवाज येत होते. दादा चहा घेऊन खुर्चीत बसला होता, कप खाली ठेवला आणि मान टाकली... हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्याला सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. मला त्यात काही चांगलं दिसत नाही. छातीचे फोटो काढून घ्यायला डॉक्टरांनी त्याला दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं आणि त्याने ते मुलांच्या सहामाहीनंतर बघू, नाताळानंतर बघू असं करत ढकललं, हे मला नंतर कळलं. हे ऐकल्यापासून मी त्याच्यावर चिडलेली आहे, आणि चिडून भांडायला आता तो नाही.

दिगंबर परब माझा सख्खा भाऊ नव्हे. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच गिरणीत, एकाच खात्यात. गिरणी बंद पडल्यावर आम्ही मुलुंडला आलो, ते बोरिवलीला गेले, पण येणंजाणं राहिलं. दादा आधी एका वृत्तवाहिनीत कॅमेरामन होता. पूर, मोर्चे, इमारत पडली, आग लागली की हा खांद्यावर कॅमेरा घेऊन पुढे. खांदा दुखायला लागल्यावर त्याने लग्नांचं शूटिंग केलं, आणि तेही त्याला जमेना. जमेना म्हणजे कामात तो पक्का होता, पण नवरीच्या आईला हवा तसा व्हिडिओ तो द्यायचा नाही. तिला गाणी हवी असायची, फुलं उडायला हवी असायची. हा द्यायचा मुलीच्या बापाचा चेहरा, अर्धं मिनिट, हलत नाही, बोलत नाही. लोक बिथरायचे.

आमच्या शाळेत नववीला कौशल्य विषय म्हणून व्हिडिओनिर्मिती घ्यायचं ठरलं तेव्हा मीच त्याचं नाव सुचवलं. मी मराठी शिकवते, पण त्या विषयाची जबाबदारी माझ्या गळ्यात आली होती. बोरिवलीहून मुलुंडला यायचं म्हणजे आरेतून पवईमार्गे बसने दोन तास, तेवढेच परत जायला, आणि शिकवायचा पाऊण तास. म्हणून तास ऑनलाइन ठेवला, मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला. आमची शाळा दुपारची. मुलं घरून तास करून मग शाळेत येतील, असा हिशेब.

त्या पहिल्या महिन्याची आठवण झाली की अजून डोकं उठतं. बावीस मुलं, म्हणजे पडद्यावर वीस-एकवीस काळे चौकोन. एकाचं नाव 'पप्पा ऑफिस', एकाचं 'मम्मी नवीन नंबर'. सर आवाज येत नाही, सर तुम्ही अडकलात, सर परत सांगा... वीस मिनिटं त्यातच जायची. कोणाच्या घरी कुकरची शिट्टी, कोणाकडे टीव्ही. मी जबाबदार शिक्षिका म्हणून एका कोपऱ्यात हजेरी घेत बसलेली. दादाने पहिला गृहपाठ दिला: घरातलं कोणीतरी रोज करतं ते एक काम, एक मिनिट, तीन शॉट. "लांबून बघा, जवळ जा, मग हात बघा," एवढंच सांगितलं. गाणं नको, फिल्टर नको, आणि बटण दाबल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत फोन हलवायचा नाही. मुलांनी काय पाठवलं? आई पोळ्या लाटतेय आणि मागे डीजे. आजोबा पेपर वाचताहेत, स्लो मोशनमध्ये. एकाने तर आपल्याच तोंडाचं एक मिनिट. दादाने सगळे परत पाठवले. पुन्हा केले, पुन्हा परत. पालकांचे फोन मला यायचे, "बाई, सर मुलांना काय चांगलं म्हणतच नाहीत."

समीक्षाने मात्र काहीच पाठवलं नव्हतं. तिची हजेरीही नव्हती. डोंगरावरच्या वस्तीत राहते, वडील रिक्षा चालवतात, घरात फोन एकच आणि तो सात वाजता वडिलांबरोबर बाहेर पडतो. मी हे दादाला सांगितलं ते केवळ माहिती म्हणून, म्हणजे तिचं नाव कमी करू का विचारायला. रागात किंवा लाडात तो मालवणीवर यायचा, तसा आला.

"माका एक सांग गो, त्या चेडवाक फोन कधी गावता?"

मी म्हटलं, त्या मुलीला फोन मिळतो तो सातच्या आधी. झालं. पुढच्या मंगळवारपासून तास सकाळी सहाला.

आजही ते आठवलं की मला वाटतं, त्याने चूक केली. दुपारच्या शाळेची मुलं आठ-आठला उठतात. बावीसची बारा झाली, बाराची सात, शेवटी पाचवर आली. मुख्याध्यापिका मला बोलावून विचारणार, आया मला फाटकाशी गाठणार, आणि हा बोरिवलीत बसून ऐकून घेणार नाही. मी त्याच्याशी तावातावाने भांडले. एका मुलीसाठी तू सतरा मुलं घालवलीस, म्हटलं. तो म्हणाला, "त्यांच्याकडे फोन दिवसभर आहे. रेकॉर्डिंग टाकतोय मी, केव्हाही बघतील. तिच्याकडे पाऊण तास आहे." मी म्हटलं, कोणी बघत नाही तुझं रेकॉर्डिंग. वेळ काही त्याने बदलली नाही.

बरं, त्या मुलीचं तरी कौतुक करावं! तिने वडिलांना शूट केलं, निघण्याआधी रिक्षाची काच वर्तमानपत्राने पुसताना. मला तर तो शॉट पहिल्याच वेळी आवडला होता. दादाने तो सहा वेळा परत पाठवला. आवाज वाऱ्याचा आलाय. हात दिसला पण काच दिसली नाही. काच दिसली पण वडिलांना कळलंय तू शूट करतेस. चौदा वर्षांची पोर आहे रे, एकदा तरी छान म्हण, असं मी म्हटलं तर म्हणाला, "कौतुक तुझ्याकडे आहे ना? तू कर. मी शॉट बघतो."

गणपतीच्या आधी शाळेने सगळ्या विषयांचा अहवाल मागितला. मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अपुरा.' खोटं नव्हतं. बावीसपैकी पाच, दुसरं काय लिहिणार? पण त्या ओळीत सहा वाजता उठणाऱ्या पाच जणांना जागाच नव्हती, हे सही करताना मला समजत होतं. वर्ग बंद झाला. मी दादाला फोन करून सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. तो फक्त "बरां" म्हणाला आणि फोन ठेवला. दरवर्षी त्याच्या घरचे मोदक यायचे, ते त्या वर्षी आले नाहीत. मीही विचारलं नाही. त्याने फोन करायला हवा, असं माझं म्हणणं होतं. त्याचंही तेच असेल.

आणि इकडे तो शिकवतच होता! शाळेला न सांगता, मला न सांगता, मंगळवारी आणि शुक्रवारी सहाला. पाचातला एक गावी गेला, चार उरली. मी त्याच चार मुलांना रोज दुपारी कविता शिकवत होते आणि त्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. नंतर समीक्षाला विचारलं, मला का नाही सांगितलंस गं? ती म्हणाली, "तुम्ही बंद केला होता ना, बाई."

शाळेने शोकसभा घेतली. मुख्याध्यापिकांनी दोन मिनिटांचा व्हिडिओ करायला सांगितला आणि तो झाला. दादाचा एकच फोटो, तो गोल फिरत जवळ येतो, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात, मागे बासरी. नाव 'दिगांबर' असं. मी आधी बघितला असता तर निदान नाव तरी दुरुस्त केलं असतं, पण मी भाषण लिहीत बसले होते. सभा संपल्यावर समीक्षा माझ्याजवळ आली. ती रडली नव्हती, रागावलेली होती. "सरांनी हा परत पाठवला असता," म्हणाली. मी हो म्हटलं. त्यानंतर मी मुख्याध्यापिकांकडे वर्ग पुन्हा सुरू करायचा विषय काढला. प्रशिक्षित शिक्षक आणा, म्हणाल्या. मी कुठून आणू?

गेल्या रविवारी बोरिवलीला वहिनींकडे गेले. त्यांनी मला गॅलरी दाखवली, तो बसायचा ती. त्याची प्लास्टिकची खुर्ची, आणि समोर स्टुलावर तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा, त्यावर लॅपटॉप. मान वाकवावी लागू नये म्हणून त्याने ती उंची बसवली होती. डब्यात तांदूळ तसेच होते. वहिनी रोजचा भात दुकानातून अर्धा-अर्धा किलो तांदूळ आणून करत होत्या, कारण डबा उघडायचा तर लॅपटॉप हलवावा लागतो. मी म्हटलं, वहिनी, आता हलवला तर काय होतंय? तेव्हा त्यांनी सांगितलं. तो गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सहाला, लॅपटॉप वाजला. मुलं आत यायला थांबली होती. दादा आंघोळीला असला की पोरांना आत घ्यायचं काम वहिनींचं असायचं. निळं बटण दाबायचं, एवढं त्यांना येत होतं.

"बटण नाय दाबलंय तर पोरां भायर उभी रवतली, असा वाटला माका," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या बटण दाबतात. मुलं आत येतात, एकमेकांचे शॉट बघतात, पावणेसातला जातात.

या मंगळवारी मीही मुलुंडच्या घरातूनच, ऑनलाइन, त्या तासाला बसले. चार चौकोन, चारही उजेडातले, चारही चेहरे दिसत होते. पाचव्यात गॅलरीचा गज, दोरीवरचा टॉवेल आणि ती खुर्ची. वहिनी तिच्यावर बसत नाहीत, बाजूला उभ्या असाव्यात, कारण मधूनच साडीचा काठ दिसायचा. समीक्षाने काचेचा शॉट सातव्यांदा घेतला होता. तो लावला आणि मला विचारलं, "बाई, बरोबर आहे का?" पंचवीस वर्षं मी मुलांना चूक-बरोबर सांगतेय. मी पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा बघितला. मला सुंदर वाटला. पण सुंदर म्हणजे बरोबर का, ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मला कळत नाही गं यातलं."

"मग परत घेते," ती म्हणाली. तिच्या वडिलांनी फोनसाठी हात पुढे केलेला दिसला आणि तिचा चौकोन गेला. पाठोपाठ बाकीचे तिघेही गेले. मी थांबले. गॅलरीत ऊन आलं, वहिनी आत गेल्या असाव्यात, भांड्यांचा आवाज येऊ लागला. तास चालूच होता. मुलांना आत कसं घ्यायचं तेवढं दादाने वहिनींना दाखवून ठेवलं होतं, बंद कसं करायचं ते त्याने शिकवलंच नव्हतं.