आईचा कैरोचा व्हिसा

तुम्हाला म्हणून सांगते — हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. बहिणीशी मी सगळं बोलते, अगदी नको तेही. पण हे तिच्याही कानावर घातलेलं नाही. सांगायला बसले की मी इकडचं तिकडचंच बोलत राहते. आजही तेच होईल बहुतेक. जरा दम धरा.

आम्ही कतारमध्ये, दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहतो. दोनेक वर्षांपूर्वी आई नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आली. येताना मेतकूट, कुरडया, भाजणी — अर्धी बॅग खाण्याचीच. आली आणि घर कसं भरून गेलं! माझी लेक ईरा तिच्याशी इंग्रजीत बोलायची, आई मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं मस्त जमायचं. लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याशी आईच्या मोडक्या हिंदीत गप्पा. साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, मॉलच्या एसीत कानाला मफलर. मला हसू यायचं की लाज वाटायची, हे तेव्हा कळत नव्हतं — नाही, कळत होतं. कशाला खोटं बोलू?

ईदच्या सुट्टीत चार दिवस कैरोला जायचं ठरलं. प्रशांतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसातलं एक जोडपं सोबत येणार होतं. मोठ्या हुद्द्यावरची माणसं, राहणी एकदम झकपक. प्रशांत म्हणाला, आईंनाही न्यायचंच. आईचा आनंद गगनात मावेना. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला बाईनं. नाईल नदी फळ्यावर किती वेळा काढली असेल! नाशिकला फोन करकरून सगळ्यांना सांगून झालं.

घरातली कागदपत्रं मीच बघते. आम्हा तिघांचे व्हिसाचे अर्ज मी केले. आईचा केला नाही.

का? तिला एवढं चालवेल का, तिला तिथलं खाणं चालेल का — असली कारणं मी स्वतःला भरपूर दिली. पण त्या जोडप्यातली बाई लिनन घालून म्युझियममध्ये हळू आवाजात बोलणार, आणि माझी आई तिच्यासमोर डबा उघडून दशमी पुढे करणार, हे चित्र मला सोसवेना. एवढंच. दुसरं काही नव्हतं हो.

इथे गल्फमध्ये ‘व्हिसा झाला नाही’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. लोकांची लग्नं, बाळंतपणं, मयतंसुद्धा व्हिसापायी चुकतात. सगळे मान हलवतात — खलास, विषय संपला. तेच वाक्य मी माझ्या आईला ऐकवलं. आणि प्रशांतला सांगितलं की ती गुडघ्यांमुळे नको म्हणतेय, आग्रह करू नकोस, तिला अवघडल्यासारखं होतं. सासू-जावई तसेही मोजकंच बोलायचे. जमून गेलं.

आणि आईनं काय करावं? माझीच समजूत काढली! “किती धावपळ केलीस गं माझ्यापायी,” म्हणाली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग वाटेत खायला म्हणून आमच्यासाठी दशम्या करायला घेतल्या. तिला मदिनत खलीफा भागात माझ्या मैत्रिणीकडे सोडलं, तेव्हा ईरा रडली — व्हाय इज आजी नॉट कमिंग? — आणि मी मागे न बघता गाडीत बसले.

कैरो काय सुंदर आहे म्हणून सांगू! ती गर्दी, ते हॉर्न, जुन्या बाजारातला तो पितळेचा ठणठणाट. आईनं तिथे दहा दुकानदारांशी तरी दोस्ती केली असती. नाईलच्या काठावर ईरानं तिला व्हिडिओ कॉल लावला. “अगंबाई, केवढं पात्र!” आई ओरडली. ती लिननवाली फोनमध्ये डोकावली, आईला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाली, “यांना का नाही आणलंत? किती गोड आहेत.” प्रशांत जरा पुढे गेला होता. व्हिसा, म्हणाले.

परत आल्यावर रात्री जेवताना प्रशांत सहज बोलून गेला, “आई, पुढच्या वेळी गुडघ्यांचं काही ऐकणार नाही. तुम्हाला न्यायचंच.”



आईनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तिला सगळं कळलं, ते मला कळलं. आता बोलेल — मला वाटलं, बोलू दे बाई, एकदाचं होऊन जाऊ दे. पण ती प्रशांतकडे वळली. “काय करणार, प्रशांतराव,” म्हणाली, “मेले गुडघेच दगा देतात.” आणि मला आमटी वाढली.

त्यानंतर तिनं या विषयाचा एक शब्द काढलेला नाही, मीही नाही. ती नाशिकला परतल्यावर प्रशांतनं दोनदा तिला सहलीला चला म्हणून फोनवर फार आग्रह केला. दर वेळी ती हसून गुडघ्यांचं सांगते. परवा मावशी म्हणाली, ताई सप्तशृंगीच्या सगळ्या पायऱ्या चढून आली, कुठे टेकलीसुद्धा नाही.

मी नुसतं ‘हो का’ म्हटलं. आईचे गुडघे दुखत नाहीत. मला तिची लाज वाटली होती, हे तिला ठाऊक आहे. आणि माझ्या नवऱ्याला ते कधी कळू नये, म्हणून ती घरी बसते.