गार्डकाकांचं एक वाक्य

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या गार्डकाकांच्या घरात फ्रिजपासून खुंटीपर्यंत प्रत्येक वस्तूला चिठ्ठी होती: 'एल' किंवा 'ला'. वस्तू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे स्पॅनिशमध्ये आधीच सांगावं लागतं. काकूंनी स्वतःच्या कपाळाला चिठ्ठी लावून घ्यायला नकार दिला, तेव्हा काका दिवसभर रुसले होते.

रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाल्यावर ते समता कॉलोनीत माझ्या स्पॅनिशच्या क्लासला आले. त्यांची लेक पल्लवी नोकरीसाठी स्पेनला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून बसली. "मॅडम, मले विहीणबाईले एकच गोष्ट सांगाची आहे. माया पोरीले सांभाळजा. आता हे पोरीलेच भाषांतर कराले लावू का?" मी त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

'वर', 'खाली' हे शब्द स्पॅनिशमध्ये नामाच्या आधी येतात, हे त्यांनी मिनिटात पचवलं. "आपला 'वर' गार्डावानी मागच्या डब्यात बसते, त्यायचा इंजिनात." पुढचा आठवडाभर ते खाटेखाली शिरून आपण कुठे आहोत ते स्पॅनिशमध्ये ओरडून सांगत होते.

काळ मात्र त्यांनी 'जेवणं' या एकाच क्रियापदावर भागवले. रविवारी फोनवर विहीणबाई दिसल्या की सुरू: जेवलात का, जेवताय का, जेवणार का. आपली ही साधी विचारपूस. आपण उपाशी राहतो असं यांना वाटतं की काय, म्हणून त्या बिचाऱ्या घाबरल्या. महिन्याभरात खोकं आलं. ऑलिव्ह, बिस्किटं, बदामाची मिठाई आणि चिठ्ठी: 'काळजी नको, आमच्याकडे खायला पुष्कळ आहे.' मी हसून हसून खाली बसले. पल्लवीने मग सासूबाईंना आपली रीत समजावली. काका मात्र खूश. "पोचलं ना पण, मॅडम," म्हणाले आणि मिठाई गल्लीभर वाटून आले. अजूनही मी काळ शिकवते ते याच क्रियापदावर.

लग्न रायपुरातच झालं. पाठवणीच्या वेळी काका विहीणबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. वर्षभर घोकलेलं वाक्य, पण ओठ नुसतेच हलले. मी मागून पहिला शब्द कुजबुजले, तोही त्यांना ऐकू गेला नाही. डोळे भरले आणि तोंडून स्पॅनिशमध्ये निघालं, "जेवलात का?"

विहीणबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. एकेक शब्द सुटा करत त्या स्पॅनिशमध्येच म्हणाल्या, "मी जेवले. तीही जेवेल. मी तिला रोज विचारीन."

काकांनी भाषांतरासाठी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.